सैल मातीचा हिशेब

9 फेब्रुवारी 1971. लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडच्या सॅन फर्नांडो खोऱ्याला सकाळी सहा वाजता भूकंपाने गदागदा हलवलं. खोऱ्याच्या तोंडाशी लोअर सॅन फर्नांडो हे चाळीस मीटरहून उंच मातीचं धरण होतं. त्याने तो हादरा सोसला. जमीन हलायची थांबली तेव्हा भिंत जागेवर होती. त्यानंतर साधारण अर्ध्या मिनिटाने भिंतीचा जलाशयाकडचा उतार सुटला आणि माथ्याला बरोबर घेऊन पाण्यात घसरत गेला. माथ्यावर बसवलेल्या कंपनमापकाच्या नोंदीमुळे हा क्रम पुढे उलगडला. भूकंप आधी संपला होता, धरण नंतर ढासळलं.

उरलेल्या भेगाळलेल्या भिंतीचा काठ पाण्याच्या पातळीपेक्षा जेमतेम दीड मीटर वर होता. खालच्या वस्तीतल्या सुमारे 80,000 लोकांना घरं सोडायला लावली आणि पुढचे चार दिवस जलाशय रिकामा करण्यात गेले. राज्याच्या धरण सुरक्षा यंत्रणेने धरणात पूर्ण क्षमतेइतकं पाणी साठवायला आधीच मनाई केली होती, म्हणून त्या दिवशी पाणी माथ्यापासून दहा मीटरहून जास्त खाली होतं. ते आणखी दोन मीटर जरी वर असतं तरी काय झालं असतं, हे सांगायला अभियंता लागत नाही.

बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक हॅरी बोल्टन सीड आणि त्यांचे सहकारी कारण शोधायला गेले. घसरलेल्या भागात त्यांनी खोल चर खणून घेतले. तळाशी जे दिसलं ते आजही मृदा अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवलं जातं: मातीचे मोठमोठे अखंड तुकडे, आणि त्यांच्यामधून चिखलासारखी वाहून गेलेली वाळू. वरची भिंत मोडून पडली नव्हती. ती तळाच्या, पातळ झालेल्या थरावरून तरंगत पुढे गेली होती.

यालाच मातीचं द्रवीभवन म्हणतात. मापात ज्वारी भरून माप दोनदा जमिनीवर आपटलं की दाणे खाली बसतात आणि वर जागा होते. सैल वाळूचंही तसंच आहे. कोरडी असेल तर ती नुसती खचते. पण दाण्यांमधल्या पोकळ्या पाण्याने गच्च भरलेल्या असतील तर दाण्यांना खाली बसायला जागाच नसते. पाणी तितक्या लवकर बाहेर पडू शकत नाही. मग वरचा सगळा भार दाण्यांवरून पाण्यावर येतो, दाणे एकमेकांना टेकेनासे होतात, त्यांच्यातलं घर्षण संपतं, आणि हजारो टन वजन पेलणारी माती काही सेकंदांत द्रवासारखी वागू लागते. ठासून भरलेली वाळू याच्या नेमकं उलट करते. तिला सरकायचं तर आधी फुगावं लागतं, त्यामुळे ती पाणी आत ओढून घेते आणि उलट घट्ट होते. वाळू तीच, पाणी तेच. फरक फक्त भरण्यात असतो.

म्हणूनच ही धरणं कशी भरली होती, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत माती पाण्यात कालवून, नळांतून वाहून नेऊन धरणाच्या जागेवर सोडायची पद्धत लोकप्रिय झाली. पाणी निथळून जाई, माती मागे राही. मजूर कमी लागत, काम झपाट्याने होई, खर्च आटोक्यात राही. लोअर सॅन फर्नांडोचा मोठा भाग असाच रचलेला होता. पण पाण्याबरोबर आलेली माती सैल बसते, आणि ती बसल्यापासून ओलीच असते. द्रवीभवनाला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी बांधकामाच्या पहिल्याच दिवशी तिथे हजर असतात. 1918 मध्ये कॅलिफोर्नियातलं कॅलावेरास धरण बांधता बांधताच घसरलं. त्यावर ॲलन हेझन या अभियंत्याने 1920 मध्ये लिहिताना पाण्याच्या दाबाने वाळू द्रवासारखी झाल्याचं नोंदवलं. 22 सप्टेंबर 1938 रोजी मोंटानातलं फोर्ट पेक धरण बांधकामाच्या अखेरच्या टप्प्यात घसरलं आणि आठ कामगार गेले. तिथे भूकंप नव्हता. पुढे जड रोलर आले, माती थराथराने दाबणं स्वस्त झालं आणि पाण्याने धरण रचायची पद्धत धरणबांधणीतून मागे पडली.

मात्र ती जगातून गेली नाही. खाणींनी आणि औष्णिक वीजकेंद्रांनी ती जशीच्या तशी चालू ठेवली. खनिज काढून उरलेला बारीक गाळ आणि कोळसा जळून उरलेली राख आजही पाण्यात कालवून नळांनी नेतात, तळ्यात सोडतात, पाणी निथळू देतात. तळं भरलं की काठ उंच करतात. बऱ्याच ठिकाणी हा वाढवलेला काठ आधी साठलेल्या त्याच गाळावर किंवा राखेवर उभा असतो. धरणवाल्यांनी अनुभवानंतर टाकून दिलेली रीत या बांधांमध्ये अजून जिवंत आहे, आणि त्यांच्या परीक्षेची व्यवस्था मात्र धरणांच्या तुलनेत दुबळी आहे. सगळा मुद्दा इथे आहे.

ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्योचं उदाहरण यासाठी नीट वाचायला हवं. तिथल्या लोहखनिजाच्या खाणीचा गाळबांध 1976 पासून टप्प्याटप्प्याने वाढत 86 मीटर उंच झाला होता. जुलै 2016 मध्ये त्यात गाळ सोडणं बंद झालं. बांध निवृत्त झाला होता, असं म्हणता येईल. पाण्याची पातळी दाखवणारे दाबमापक होते, आतली हालचाल टिपणारी यंत्रं होती, समोर रडार होतं. 25 जानेवारी 2019 रोजी दुपारी 12 वाजून 28 मिनिटांनी बांधाचा चेहरा फुगला आणि दहा सेकंदांच्या आत कोसळला. कॅमेऱ्यात ते चित्रण आहे. एका क्षणी गवत उगवलेला शांत उतार दिसतो आणि पुढच्या क्षणी तो सगळाच्या सगळा वाहत असतो. खाणीचं कार्यालय आणि उपाहारगृह बांधाच्या खालच्या अंगालाच होतं, आणि जेवणाची वेळ होती. 270 माणसं गेली.

पीटर रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आला. भूकंप नव्हता, स्फोट नव्हता. सैल आणि ओला गाळ, उभा चढ, आतल्या पाण्याला बाहेर पडायला अपुरी वाट, त्यात वर्षानुवर्षं चाललेलं अतिसूक्ष्म सरकणं आणि पावसामुळे वरच्या थरांचं ढिलं पडणं. एवढं पुरलं. समितीने आणखी एक गोष्ट नोंदवली, ती जास्त गंभीर आहे: कोसळण्याआधी कोणत्याही यंत्राने धोक्याची ठळक खूण दाखवली नव्हती. अशा गाळाचं ते वैशिष्ट्यच आहे. तो हळूहळू वाकत नाही, कुरकुरत नाही. एका मर्यादेपर्यंत ताठ उभा राहतो आणि ती ओलांडली की एकदम सगळी ताकद सोडून देतो.

बांधाला सप्टेंबर 2018 मध्ये स्थैर्याचं प्रमाणपत्र मिळालं होतं. माती जितका जोर पेलू शकते त्याला तिच्यावर पडणाऱ्या जोराने भागलं की जो आकडा येतो त्याला सुरक्षा गुणांक म्हणतात. गाळातलं पाणी निचरू शकणार नाही असं धरून केलेल्या हिशेबात तो 1.09 आला होता. म्हणजे बांध आणि अपघात यांच्यामध्ये नऊ टक्क्यांचं अंतर. अशा स्थितीत निदान 1.3 असावा, हा जगभरच्या व्यवहारातला संकेत. तरीही सही झाली. ही सही करणाऱ्या सल्लागार कंपनीला तिचं बिल खाणमालकच देत होता, हे इथे विसरता येत नाही.

राखेचंही असंच. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात किंग्स्टन औष्णिक केंद्राचा राखेचा बांध 22 डिसेंबर 2008 च्या मध्यरात्रीनंतर फुटला. सुमारे 41 लाख घनमीटर ओली राख जवळच्या नदीपात्रात आणि आजूबाजूच्या शेकडो एकरांवर पसरली. त्या रात्री कुणी दगावलं नाही, पण सफाईला कित्येक वर्षं लागली, खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला आणि सफाई करणाऱ्या कामगारांनी आपल्या आजारांबद्दल कोर्टात दाद मागितली. तपासात तळाशी राखेचा एक अगदी पातळ, बुळबुळीत थर सापडला. वर्षानुवर्षं त्याच्यावर राख चढत गेली होती, आणि तो आहे हे कुणाच्या नकाशात नव्हतं.

आणि धरणं यातून सुटली आहेत असंही नाही. मिशिगन राज्यातलं एडनव्हिल धरण 1924 मधलं. त्याच्या सांडव्याची क्षमता अपुरी आहे यावर परवाना देणारं केंद्रीय खातं आणि धरणमालक यांच्यात अनेक वर्षं वाद चालला होता, 2018 मध्ये परवानाही रद्द झाला. सगळ्यांचं लक्ष सांडव्यावर होतं. 19 मे 2020 रोजी मुसळधार पावसाने तलाव पूर्वी कधी नव्हता इतका चढला, पण पाणी भिंतीवरून वाहायच्या आधीच भिंतीचा एक भाग काही सेकंदांत खाली सरकला. गावातल्या एकाने ते मोबाइलवर टिपलं. स्वतंत्र चौकशीने 2022 मध्ये निष्कर्ष दिला की भिंतीच्या त्या भागात न दाबलेली सैल वाळू होती, आणि तिचं द्रवीभवन हेच सर्वांत संभाव्य कारण. जवळपास शंभर वर्षं ती वाळू तिथे होती. तिच्या सैलपणाचा हिशेब कुणी केला नव्हता, कारण ज्या भागात भूकंप होत नाहीत तिथे द्रवीभवन होत नाही असं सगळे धरून चालले होते.

ही समजूत भारतातही पक्की आहे. द्रवीभवन म्हटलं की डोळ्यांपुढे 1934 चा बिहारचा भूकंप येतो, ज्यात उत्तर बिहारची शेतं जमिनीतून उसळलेल्या वाळूखाली गेली. किंवा 26 जानेवारी 2001 चं भूज. त्या सकाळी कच्छच्या रणात ठिकठिकाणी जमिनीतून पाणी आणि वाळू वर आली हे अनेकांना आठवत असेल. पण चांग, तापर, फतेहगढ, कासवती, सुवी, शिवलखा, रुद्रमाता ही नावं कच्छबाहेर फारशी कुणाला माहीत नाहीत. ही त्या भागातली मातीची धरणं. बहुतेकांचा पाया नदीच्या गाळाचा, वाळूचा, आणि धरणाच्या पाण्याकडच्या पायथ्याशी तो ओलाच होता. हादऱ्याने पाया सैलावला, उतार फाकले, माथ्यावर लांबच लांब भेगा पडल्या. भूकंपकेंद्राच्या जवळ असलेलं चांग धरण तर जवळजवळ बसलंच.

खालची गावं वाचली ती दुष्काळामुळे. आदल्या वर्षांत पाऊस झाला नव्हता आणि ही धरणं बहुतेक रिकामी होती. हाच भूकंप भरलेल्या धरणांच्या दिवसांत, सप्टेंबरमध्ये झाला असता तर भूजच्या मृतांच्या यादीत धरणांखालच्या गावांची भर पडली असती. इतक्या मोठ्या संकटातून कच्छ ज्या योगायोगाने बचावलं, त्याच्यावर कुणी पुढचं नियोजन करू नये.

मग हा धोका मोजायचा कसा? बांधावरून फिरून तो दिसत नाही. पाझर, भेगा, उंदरांची बिळं, उगवलेली झुडपं, निखळलेलं पिचिंग हे सगळं पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या पाहणीत नोंदवलं जातं आणि ते आवश्यकच आहे. पण आतली वाळू सैल आहे की घट्ट, हे त्यातलं काहीही सांगत नाही. त्यासाठी भोक पाडून आत जावं लागतं.

आपल्याकडे सर्वत्र चालणारी चाचणी अशी. बांधावर तिपाई उभी राहते. बोअरच्या तळाशी पोलादी नळी टेकवतात, वर 63.5 किलोचा हातोडा दोरावर ओढून 75 सेंटिमीटरवरून सोडतात. नळी 30 सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले, ते मोजणारा मोठ्याने मोजतो. तीच ती ‘एन व्हॅल्यू’. तीस-चाळीस ठोके लागले तर वाळू घट्ट. पाच-सहा ठोक्यांत नळी आत गेली तर छातीत धस्स व्हावं. सीड आणि त्यांचे सहकारी इझत इद्रिस यांनी 1971 मध्ये याच ठोक्यांवरून द्रवीभवनाचा अंदाज बांधायची रीत दिली, आणि सुधारणा होत होत ती आजवर जगभर वापरात आहे.

चाचणी साधी आहे, म्हणून ती निष्काळजीपणे होते. दोर किती घासला, हातोडा पूर्ण उंचीवरून पडला की मध्येच अडखळला, बोअरमधलं पाणी टिकवलं की तळाची वाळूच उसळून वर आली, यावर आकडा दुप्पट होऊ शकतो किंवा निम्म्यावर येऊ शकतो. त्याहून मोठी अडचण अंतराची. ठोके सहसा दर दीड मीटरला मोजतात. किंग्स्टनसारखा पातळ थर दोन मोजण्यांच्या मधून सहज निसटतो. शंकूची चाचणी यासाठी हवी. त्यात टोकदार पोलादी शंकू सेकंदाला दोन सेंटिमीटर या ठरलेल्या वेगाने आत ढकलतात आणि प्रतिकार, घर्षण, पाण्याचा दाब यांची नोंद अखंड मिळते. थर पातळ असला तरी आलेखावर त्याची खाच उमटते. भारतात ही यंत्रं आहेत, किनाऱ्यावरच्या बंदरांच्या कामात ती सर्रास वापरली जातात. राखेच्या बांधांवर ती नेमाने दिसायला हवीत.

नमुना काढून प्रयोगशाळेत नेला तर नेमकं उत्तर मिळेल, असं वाटतं. तिथेही फसगत आहे. सैल वाळू नळीत भरताना आणि गाडीतून नेताना दाबली जाते, त्यामुळे प्रयोगशाळेत ती होती त्यापेक्षा ताकदवान ठरते. लोअर सॅन फर्नांडोच्या वाळूचं असंच झालं, आणि त्या एका धरणाच्या वाळूची घसरताना उरलेली ताकद नेमकी किती, यावर नामवंत अभियंते पंधरा-वीस वर्षं वाद घालत होते. इतक्या बारकाईने तपासलेल्या धरणाबद्दल ही स्थिती असेल, तर एका बोअरच्या अहवालावर आणि एका सहीवर कुठल्याही बांधाला ‘सुरक्षित’ म्हणणं धाडसाचं आहे.

यातून जाणकार मंडळी ज्या निर्णयापर्यंत आली आहेत तो सामान्य वाचकाला चटकन पटेल असा आहे. निमित्त शोधत बसू नका. भूकंप होईल का, किती पाऊस पडेल, कुणी जवळ सुरुंग लावेल का, याचा हिशेब कधीच पूर्ण होणार नाही. माती सैल आहे का, ओली आहे का आणि द्रवीभवन झालं तर खाली माणसं आहेत का, हे तीन प्रश्न विचारा. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर ते एक दिवस होईल असं धरूनच बांध भक्कम करा, पाणी काढा किंवा माणसं हलवा. ब्रुमाडिन्योनंतर ब्राझीलने साठलेल्या गाळावरच काठ चढवत नेण्याच्या पद्धतीवर बंदी घातली. चिलीने तर ती 1965 च्या भूकंपात एल कोब्रेचा गाळबांध फुटून दोनशेहून अधिक माणसं गेल्यावर पुढच्या काही वर्षांतच घातली होती.

महाराष्ट्राकडे या कसोटीने पाहिलं तर आधी दिलासा देणारी गोष्ट सांगायला हवी, कारण धरण म्हटलं की उगाच घबराट पसरते. राज्यातल्या दोन हजारांहून अधिक मोठ्या धरणांपैकी बहुतेक मातीची आहेत, आणि त्यातली बहुतेक बेसाल्टवर बसलेली आहेत. मध्ये काळ्या चिकण मातीचा गाभा (हार्टिंग), दोन्ही बाजूंना मुरमाचं आवरण (केसिंग), थर टाकून पाणी मारून रोलरने दाबलेलं. चिकण माती वाळूसारखी द्रव होत नाही आणि दाबलेला मुरूम सैल नसतो. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपाच्या केंद्राजवळच तेरणा नदीवर माकणीचं मातीचं धरण होतं, आणि ते टिकलं. पानशेत 1961 मध्ये आणि तिवरे 2019 मध्ये फुटलं, पण त्यांची कारणं वेगळी होती, द्रवीभवनाशी त्यांचा संबंध जोडू नये. नीट तपासावीत अशी धरणं आहेत ती तापी-पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यांमधली, जिथे पायाखाली खडकाऐवजी वाळू-गाळाचे थर असू शकतात, आणि जुनी, ज्यांच्या बांधकामाच्या नोंदी हरवल्या आहेत.

खरी काळजी विदर्भात आहे, आणि ती धरणांची नाही. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथली वीजकेंद्रं वर्षानुवर्षं राख पाण्यात कालवून तलावांत सोडत आली आहेत. राखेचे कण गोल, बारीक, हलके असतात. त्यांच्यात चिकणपणा नसतो आणि पाण्यातून बसल्यामुळे ते सैल असतात. द्रवीभवनासाठी याहून अनुकूल पदार्थ निसर्गात शोधूनही क्वचितच सापडेल. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा भर पावसात फुटला. राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत आणि पुढे नदीत गेलं. बंधारा फुटण्याचं खापर अतिवृष्टीवर फोडलं गेलं. ते खरं असेलही, पण अतिवृष्टीने राखेतल्या पाण्याची पातळी वाढते तेव्हा आत काय घडतं हे ठोके मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर सिंगरौलीत एप्रिल 2020 मध्ये सासन केंद्राचा राखेचा बांध फुटला तेव्हा सहा जण वाहून गेले, त्यात लहान मुलंही होती. तो भर उन्हाळा होता.

नागपूर-चंद्रपूरचा भाग भूकंपाच्या दृष्टीने शांत मानला जातो, म्हणून तिथे द्रवीभवनाचा प्रश्न येत नाही, हे उत्तर चालणार नाही. मिशिगनही शांत होतं. ब्रुमाडिन्योही.

गोव्याची स्थिती आणखी वेगळी आहे. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणींनी मातीचे डोंगर आणि टेलिंगचे, म्हणजे खाणगाळाचे, तलाव मागे ठेवले आहेत. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये कोर्टाच्या आदेशांनी उत्खनन थांबलं. उत्खनन थांबतं, पण गाळ तिथेच असतो आणि मोसमी पाऊस थांबत नाही. ब्रुमाडिन्योचा बांधही अडीच वर्षं बंद होता. बंद पडलेल्या तलावाची देखभाल करणारा माणूस कमी होतो, पंप बंद होतात, चर बुजतात. म्हणून बंद तलाव चालू तलावापेक्षा आधी तपासायला हवेत. खालच्या अंगाला कुळागरं आहेत, वाडे आहेत, शाळा आहेत.

कायद्याचं काय? धरण सुरक्षा अधिनियम 30 डिसेंबर 2021 पासून लागू आहे. प्रत्येक मोठ्या धरणाचं तज्ज्ञांच्या स्वतंत्र गटाकडून सर्वंकष मूल्यमापन आणि आणीबाणीचा आराखडा यांसाठी त्याने पाच वर्षांची मुदत दिली, म्हणजे डिसेंबर 2026. कायदा चांगला आहे. पण त्यातली धरणाची व्याख्या नदी-नाल्यावर पाणी अडवणाऱ्या बांधकामाची आहे, आणि राखेचं किंवा खाणगाळाचं तळं त्यात बसत नाही. त्याच्यावर पर्यावरण खात्याचे, खाण सुरक्षेचे, वीज प्राधिकरणाचे वेगवेगळे नियम लागतात, प्रत्येक जण आपापला तुकडा पाहतो, आणि हा बांध उभा राहील का, या एका प्रश्नाचं उत्तर देण्याची जबाबदारी ठळकपणे कुणाचीच राहत नाही. मालकाने नेमलेल्या सल्लागाराची सही फाइलला लागली की फाइल बंद होते.

हे बदलायला फार मोठा पैसा लागत नाही. शंकूच्या चाचणीचा खर्च एका बांधाच्या दुरुस्तीपुढे किरकोळ आहे. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे आणि पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राकडे मृदा तपासणीचा अनेक दशकांचा अनुभव आहे. राज्याने ठरवलं तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक राख तलावाची आतली स्थिती दोन उन्हाळ्यांत समजू शकते. मात्र चाचणी करणाऱ्याचं बिल बांधाच्या मालकाने परस्पर देऊ नये, ते नियामकामार्फत जावं. आणि निकाल फाइलीत राहू नयेत. सॅन फर्नांडोनंतर पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला की धरण फुटलं तर पाणी कुठवर पोचेल याचे नकाशे तयार असलेच पाहिजेत. खसाळ्याच्या खालच्या शेतकऱ्याला, कोराडीच्या कामगाराला, डिचोलीच्या बागायतदाराला आपल्या वर काय साठलंय आणि ते सुटलं तर किती मिनिटांत कुठे येईल, हे त्याच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत आणि कोकणीत वाचायला मिळालं पाहिजे.

धरण सुरक्षा कायद्यात दुरुस्ती करून राख आणि खाणगाळाचे बांध त्याच्या कक्षेत आणायला केंद्राला वेळ लागेल. तोवर महाराष्ट्र सरकारला आणि गोवा सरकारला आपापल्या अखत्यारीत दोन गोष्टी आजच करता येण्यासारख्या आहेत: अशा सर्व तलावांची यादी उंची, वय आणि खालच्या वस्तीसह जाहीर करावी, आणि ज्या बांधांच्या आतल्या मातीची चाचणी कधीच झालेली नाही त्यांच्यावर नवा थर चढवायला परवानगी देऊ नये. जिल्हा परिषदेच्या आणि विधानसभेच्या सदस्यांनी येत्या सभेत किंवा अधिवेशनात एवढंच विचारावं: आपल्या मतदारसंघातल्या राखेच्या बांधावर शेवटचे ठोके कधी मोजले, आणि ते किती निघाले?